अपुऱ्या दिवसांचं बाळ: दवाखान्यात काय होतं आणि घरात काय व्हायला हवं



मी नर्स आहे. गेली एकोणीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. त्यातली बहुतेक वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरांत गेली. मूळ गाव खेड तालुक्यातलं, त्यामुळे घरात कोकणी, मोहल्ल्यात उर्दू आणि वॉर्डात मराठी-हिंदी अशी माझ्या भाषेची खिचडी आहे. सांभाळून घ्या.

आज १७ नोव्हेंबर, जागतिक अकाली प्रसूती दिन. या दिवशी जगभर मोठमोठ्या इमारतींवर जांभळे दिवे लावतात. दिवे लावायला माझी हरकत नाही. पण घाटकोपरच्या या सभागृहात तुम्ही तरुण मुलं-मुली रविवारची झोप सोडून आला असाल, तर तुम्हाला दिव्यांपेक्षा उपयोगी काहीतरी मिळायला हवं. तुमच्यातल्या काहींची नुकतीच लग्नं झाली असतील, काहींची होतील. काहींच्या भाभीला, आपाला आत्ता दिवस असतील. मी त्यांच्यासाठी बोलणार आहे.

आधी आकडे सांगते, लवकर संपवते. गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे साधारण दर दहांत एक. त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. २०१९ साली जगात सुमारे ९ लाख मुलं अपुऱ्या दिवसांमुळे झालेल्या त्रासाने गेली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. आणि एक गोष्ट फार बोचते. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ श्रीमंत देशात असेल तर दहांत नऊ वेळा वाचतं, आणि अगदी गरीब देशात असेल तर दहांत नऊ वेळा पहिल्या काही दिवसांतच जातं. बाळ तेच, दिवस तेवढेच.

आपण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहोत. मुंबईत तर दोन्ही टोकं एकाच रेल्वे लाइनवर सापडतात.

आपल्या घरांतून मी एक वाक्य शेकडो वेळा ऐकलंय: "सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." सतवांसा मूल नशीबवान, आठव्यातलं गेलेलंच. हा समज फक्त आपला नाही. सगळ्या समाजांत आहे, आणि जुन्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही तो आहे. पण तो खोटा आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. ३४ आठवड्यांच्या बाळाची जगण्याची शक्यता ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी जास्त असते. तरीही मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आठव्यात कळा सुरू झाल्यावर मोठी माणसं म्हणाली, "आता कशाला मोठ्या दवाखान्यात धावपळ, अल्लाहची मर्जी." मर्जी अल्लाहचीच, पण रिक्षा आपण बोलवायची असते.

म्हणून माझी पहिली विनंती: महिने मोजू नका, आठवडे मोजा. ते का, ते सांगायला मला तुम्हाला थोडं लांब न्यावं लागेल, न्यूझीलंडला.

ऑकलंड शहरात ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशी होते हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं. कोकरू फार लवकर जन्मलं. इतकं लवकर, की त्याला श्वास घेता येणं शक्यच नव्हतं. पण ते श्वास घेत होतं. औषधाने त्याची फुप्फुसं वेळेआधी तयार झाली होती. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी रॉस हॉवी यांनी मग गरोदर बायकांवर अभ्यास केला आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. लवकर कळा आलेल्या आईला इंजेक्शन दिलं, तर बाळाच्या फुप्फुसांना बळ मिळतं. आज आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं. अगदी स्वस्त औषध आहे, कुठल्याही सरकारी दवाखान्यात असतं. २०१४ साली केंद्र सरकारने एएनएम सिस्टरलाही पहिला डोस देऊन मग बाईला पुढे पाठवण्याची परवानगी दिली.

मग अडचण कुठे आहे? तारखेत.

२०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा देशांत, साधारण एक लाख प्रसूतींचा. आपल्याकडचे नागपूर आणि बेळगाव भागही त्यात होते. गावपातळीवर हे इंजेक्शन जास्तीत जास्त बायकांपर्यंत पोहोचवलं तर बाळं वाचतील, अशी आशा होती. पण मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं लहान नव्हतीच. नक्की दिवस किती भरलेत हे माहीत नसताना औषध दिलं गेलं होतं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया इथल्या रुग्णालयांत नवा अभ्यास केला. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेलीच ठिकाणं निवडली. २०२० साली निकाल आला. इंजेक्शन न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळं दगावली, मिळालेल्या गटात १९.६. म्हणजे दर शंभरांत चार बाळं जास्त जगली. औषध तेच होतं. तारीख माहीत असण्याने आणि पुढची सोय असण्याने फरक पडला.

आता इथल्या मुलांना विचारते. हात वर करायला लावणार नाही, लाजाल. तुमच्या बायकोच्या शेवटच्या पाळीची तारीख तुम्हाला माहीत आहे का? क्रिकेटच्या मॅचची तारीख माहीत असते. ही तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, कारण दिवस मोजायला तीच सगळ्यात भरवशाची असते. आठव्या-नवव्या महिन्यातली सोनोग्राफी वजन सांगेल, पाणी सांगेल, पण दिवसांच्या बाबतीत दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते.

आणि ती फाइल बाईबरोबर जाऊ द्या. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे. सातवा-आठवा लागला की खेड, दापोली, महाडची गाडी पकडायची. जाऊ दे, आईचा हात हवाच. पण फाइल मुंबईत कपाटात आणि बाई गावात, असं असेल तर रात्री कळा सुरू झाल्यावर तिथला डॉक्टर अंदाजाने काम करतो. पोट थांबून थांबून कडक होतंय, कंबर सतत दुखतेय, पाणी जातंय, रक्त दिसतंय, यातलं काहीही ३७ आठवड्यांआधी झालं तर सकाळची वाट बघायची नाही. इंजेक्शनला काम करायला वेळ लागतो, तास-तास मोलाचे असतात. शिवाय बाळ पोटात असताना आईला मोठ्या रुग्णालयात हलवणं, जन्मलेलं किलोभराचं बाळ हलवण्यापेक्षा कधीही चांगलं. आजारी नवजात बाळाचा सरकारी रुग्णालयातला इलाज आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. हे हक्काने मागा.

समजा, बाळ आलं. १२०० ग्रॅम. नळ्या, तारा, काच. बाहेर बाकड्यावर सासू, जाऊ, मामू, सगळे. आणि आई कुठे? ती दुसऱ्या मजल्यावर. किंवा तिला सुट्टी देऊन घरी पाठवलेलं असतं. "बाळंतीण आहे, चाळीस दिवस बाहेर कशी निघेल?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझं उत्तर पाठ झालंय: त्या चाळीस दिवसांत नमाज-रोज्याची माफी आहे, बाळाला भेटायची बंदी नाही.

याला शास्त्र आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे नावाच्या डॉक्टरांच्या रुग्णालयात काचपेट्या कमी होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत, आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. कांगारू ठेवतो तसं. बरीच वर्षं लोक त्याला गरिबांचा उपाय म्हणत. पेटी नाही म्हणून छाती. पुढे अभ्यास होत गेले. आधी समज असा होता, की बाळ स्थिर झाल्यावरच छातीवर द्यावं, तोवर काचेत. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलोपासून १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलं, ती स्थिर व्हायची वाट न बघता. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. त्या अभ्यासात बाळ दिवसाला सरासरी सोळा-सतरा तास छातीवर असायचं. तासभर नाही.

सोळा-सतरा तास एकटी आई कशी करेल? तिला जेवायचंय, झोपायचंय, टाके दुखतायत. तिथे घर लागतं. बाप करू शकतो, नानी करू शकते, फुफी करू शकते. मी बापांना सांगते, शर्टाची बटणं काढा, बसा. सुरुवातीला लाजतात. एक ट्रकड्रायव्हर होता, दोन तास हललाच नाही. मान अवघडली तरी म्हणायचा, "सिस्टर, उठलो तर जागेल." हे दृश्य आमच्या वॉर्डात अजून दुर्मीळ आहे आणि त्याचं खापर मी फक्त घरांवर फोडणार नाही. कित्येक रुग्णालयांत आईला बसायला धड खुर्ची नसते. बायकांचा वॉर्ड म्हणून बापाला दारातूनच परत पाठवतात. पडदा लावायची सोय नसते, मग बुरख्यातली बाई संकोचते आणि आम्ही म्हणतो, "ही सहकार्य करत नाही." एक पडदा आणि एक आरामखुर्ची, बस. तुमच्या मोहल्ल्यातल्या कमिट्या दरवर्षी काही ना काही वाटतात. कधीतरी जवळच्या रुग्णालयाला विचारून खुर्च्या द्या.

आता दुधाकडे येते. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही आणि मग रात्री दोन वाजता सगळ्यांना एकदम बोलावं लागतं.

घाटकोपरहून लोकल पकडलीत तर विद्याविहार, कुर्ला आणि मग शीव. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, आपण सगळे सायन हॉस्पिटल म्हणतो. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभाग चालवला, पुढे त्या तिथल्या डीनही झाल्या. धारावी शेजारी, बाळांची गर्दी, संसर्गाने जाणारे जीव. त्यांनी विभागातून बाटल्या आणि पावडरचं दूध काढून टाकलं, आयांना आत घेतलं, बाळाच्या देखभालीत सहभागी केलं. ज्यांच्या आईचं दूध येत नव्हतं किंवा आईच नव्हती, अशा बाळांचा प्रश्न उरला. त्यातून १९८९ साली तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली पहिली. युरोप-अमेरिकेत नाही, आपल्या हार्बर आणि मध्य रेल्वेच्या मधे. पुढे १९९९ साली फर्नांडिस यांनी 'स्नेहा' ही संस्थाही काढली, ती आजही मुंबईच्या वस्त्यांत काम करते.

पेढीत काय होतं? दूध जास्त असलेल्या बाळंतिणी स्वखुशीने देतात. त्यांची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, थंड करतात, जंतू नाहीत ना बघतात, गोठवून ठेवतात. पैसा द्यायचा-घ्यायचा नसतो. हे दूध का लागतं? कारण किलोभराच्या बाळाचं आतडं कागदासारखं असतं. त्याला सुजून सडण्याचा एक भयंकर आजार होतो. दात्या आईच्या दुधाशी तुलना केली तर पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या अशा बाळांत तो जवळपास दुप्पट दिसतो.

इथे आपला प्रश्न येतो. सूरह निसाच्या तेविसाव्या आयतीत ज्यांच्याशी निकाह हराम आहे अशा नात्यांत दूध पाजणारी आई आणि दूधबहीणही आहे. म्हणजे दुधाने नातं तयार होतं. आपल्या पैगंबरांना (स.) दाई हलीमांनी दूध पाजलं होतं, आणि त्या नात्याचा मान त्यांनी आयुष्यभर ठेवला. तर पेढीत चार बायकांचं दूध एकत्र केलं, कोणाचं ते लिहिलं नाही, आणि उद्या मोठी झालेली दोन दूधभावंडं नकळत एकमेकांशी लग्न करून बसली तर? हा प्रश्न खुळचट नाही. वॉर्डात कोणी तो विचारला की काही डॉक्टर हसतात, ते मला आवडत नाही.

उलेमांचंही एकमत नाही. १९८३ साली युसूफ अल-करदावी यांनी पेढीचं दूध घेण्याला जायज म्हटलं. छातीला लावून पाजणं म्हणजे रजाअत, आणि संशयावरून नातं सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांनी, १९८५च्या डिसेंबरात, जिद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने पेढ्यांना मनाई केली. अगदी अलीकडे, २०२४च्या जूनमध्ये, कराचीत सरकारी पातळीवर एक पेढी उभी राहिली. आधी दारुल उलूम कराचीचा फतवा घेतला, मुस्लिम आईचंच दूध, नोंद दोन्ही घरांना द्यायची, अशा अटी पाळल्या. मग तिथल्याच उलेमांनी फतव्याचा फेरविचार केला आणि काम थांबलं. शिवाय मसलकीचा फरक आहे. हनफी मताने एकदा पाजलं तरी नातं लागतं, शाफई मताने पाच वेळा पोटभर. आपण कोकणी बहुतेक शाफई, शेजारची बिल्डिंग हनफी. म्हणजे एकाच वॉर्डात दोन नियम.

मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण एकोणीस वर्षांत जे पाहिलं त्यावरून मला काही म्हणायचंय. वाद दुधाचा नाही, नोंदीचा आहे. 'कोणाचं' हे माहीत असेल तर अर्धा प्रश्न मिटतो. म्हणून पेढीचं दूध लागणार असेल, तर आधी विचारा: एकाच दात्रीचं मिळेल का, आणि तिची नोंद राहील का? सगळीकडे होईल असं नाही, पण विचारलंच नाही तर कुठेच होणार नाही. घरातली फुफी, खाला, चाची अंगावर पाजणारी असेल तर रुग्णालयाला सांगा. तपासणी करून, प्रक्रिया करून तिचं दूध देता येतं का ते ते बघतील. नातं कोणाशी लागलं ते सगळ्या घराला माहीत राहील. (हो, त्या फुफीच्या मुलीशी पुढे या बाळाचं लग्न जुळवायचे बेत मात्र सोडावे लागतील. आपल्याकडे काही घरांना हे दूध देण्यापेक्षा अवघड जातं.) आणि इमामसाहेबांना सातव्या महिन्यात विचारा, रात्री दोन वाजता नाही. तेव्हा ते शांतपणे किताब उघडून बोलू शकतात, जीव धोक्यात असताना कुठली सवलत आहे तेही सांगू शकतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर ९०० ग्रॅमच्या बाळापुढे पावडरचा डबा आणि दुसऱ्या आईचं दूध एवढेच दोन पर्याय असतील, तर मी दुधाच्या बाजूची आहे.

पण बहुतेक वेळा एवढ्यावर येतच नाही. एक तरुण बाप आठवतो. रात्रभर वॉर्डाबाहेर फोन लावत होता, आधी गावच्या मौलानांना, मग मुंब्र्याच्या, मग कोणा नातेवाइकाच्या ओळखीच्या. आत त्याची बायको रडत होती, "मला दूधच नाही." तिला कोणी सांगितलं नव्हतं, की पहिले दोन दिवस थेंबच येतात आणि त्या बाळाला थेंबच लागतात. आम्ही तिला बसवलं, गरम पाण्याने शेकलं, हाताने कसं काढायचं ते दाखवलं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सकाळी चमच्याच्या बुडाला पिवळा चीक होता. फतवा यायच्या आत दूध आलं.

तर सगळ्यात आधी आईचं स्वतःचं दूध. त्यासाठी तिला बाळाजवळ राहू द्या, पोटभर जेवू घाला आणि "हिला दूध कमीच आहे" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. तो चीक फेकायचा नाही. घुट्टी नाही. तहनीकची सुन्नत ज्यांना करायची असेल त्यांनी अशा बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून थांबावं. मध तर कुठल्याच बाळाला वर्षभर नाही. अजान कानात द्या, काचेच्या भोकातूनही देता येते. आम्ही बाजूला होतो.

हे झालं जन्मल्यानंतरचं. मूल लवकर जन्मूच नये यासाठी काय? खरं सांगायचं तर शास्त्राला इथे अजून बरंच सापडायचंय. निम्म्याहून जास्त वेळा कारण कळत नाही. म्हणून ज्या बाईला असं मूल झालं तिला "तू काय उचललंस, कुठे गेलीस" हे विचारणं बंद करा. जे कळलंय त्यात लघवीचा संसर्ग, रक्त कमी असणं, रक्तदाब, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर ही कारणं येतात. आणि मिश्री. आपल्या कोकणात अजून कित्येक घरांत सकाळी दात घासायला मिश्री लागते, गरोदर बाईलाही. मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली होती. दादीला प्रेमाने समजावा. रोज्याबद्दल नेहमी विचारतात: रोज्यामुळे मूल लवकर जन्मतं असा ठोस पुरावा नाही, पण गरोदर बाईला शरियतने सवलत दिली आहे. ती घेणारीला कमी समजू नका. आणि खासगीत सिझेरियनची तारीख कोणाच्या सोयीने दोन आठवडे अलीकडे ओढत असतील, तर "याची वैद्यकीय गरज काय?" एवढं विचारायची हिंमत नवऱ्याने दाखवावी.

शेवटी घरी परतल्यानंतरचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाला ऊब, दूध, संसर्ग ओळखणं, घरी जाऊन इलाज करणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू हजारी २५.५ झाले. तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि त्यावरूनच पुढे देशभर आशाताई बाळाच्या घरी येऊ लागल्या, पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा. मग मुंबईच्या वस्त्यांत बायकांचे गट करूनही असं होईल का, हेही तपासलं गेलं. सहा वॉर्डांतल्या ४८ वस्त्या घेतल्या होत्या. २०१२ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. गडचिरोलीचा धडा तसाच उचलून गोवंडीत किंवा मालाडमध्ये चालत नाही. इथे दवाखाने जवळ आहेत, डॉक्टर आहेत. पण कुठल्या दारात जायचं, तिथून पुढे कुठे पाठवणार, खाट आहे का, हे कळत नाही. बाई तीन ठिकाणी फिरते. तुमच्यासारखी शिकलेली, मोबाईल हातात असलेली मुलं इथे खूप करू शकतात. आपल्या भागातल्या कुठल्या रुग्णालयात नवजात अतिदक्षता आहे, कुठे व्हेंटिलेटर आहे, रात्री कोण घेतं, याची खरीखुरी, दर महिन्याला तपासलेली यादी तयार करा आणि मशिदीच्या नोटीस बोर्डावर, बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पार्कसाइट, असल्फा, चिरागनगरपासून सुरू करा.

आणि एक तारीख राहिली. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. जन्मापासून तीस दिवसांच्या आत, फार लहान बाळाचा त्याच्याही आधी. हा आजार बाहेरून दिसत नाही. वेळेत सापडला तर लेझरने दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमची जाते. सुट्टीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, पण घरी आल्यावर अकीक्याची गडबड सुरू होते आणि कागद उशाखाली जातो. बकरा आठवडाभर थांबेल. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ आधी घ्या.

माझी दुपारची ड्युटी आहे, अडीचला निघावं लागेल. तोवर प्रश्न विचारा. मुलींनी आधी.